झेनिथ कंपनीस, समस्त पायलटांच्या वतीने

प्रति,
मा. व्यवस्थापक, झेनिथ घड्याळ कंपनी,
मु. पो. ल लोक्ल, स्वित्झर्लंड.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, घड्याळाच्या डायलवर ‘पायलट’ हा शब्द छापण्याचा हक्क फक्त आपला, असे आपण अभिमानाने सांगत असता. फ्रेंच ‘पिलोत’ १८८८ साली नोंदवला, इंग्रजी ‘पायलट’ १९०४ साली. हे वाचल्याबरोबर मी डावा हात खिशात घातला. मनगटावर एचएमटीचे ‘पायलट’ आहे. काळी डायल, १७ ज्वेल्स, रोज चावी द्यावी लागते, आणि डायलवर तोच तो शब्द. बंगळुरूत बसून भारत सरकारच्या कंपनीने छापलेला! नोटीस पाठवायची झाली तर जरा अडचण आहे. एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्र सरकारने २०१६ सालीच मंजुरी दिली. सरकारी टपाल आमच्याकडे हयात माणसालाही उशिराच मिळते.

आधी आपल्या दूरदृष्टीला दंडवत. राइट बंधूंचे यंत्र जमिनीवरून उठले डिसेंबर १९०३ मध्ये. आपण त्याच्या पंधरा वर्षे आधी शब्द राखून ठेवला. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवले, अशी कथा आमच्याकडे हौसेने सांगतात. पुरावा मागितला की सांगणारा चिडतो. पण ती कथा अक्षर न अक्षर खरी धरली, तरी आपण सात वर्षे पुढेच! १८८८ सालचा पायलट जहाज बंदरात आणून लावणारा असायचा, ही क्षुल्लक बाब मी काढत नाही. तो माणूस मुंबई बंदरात आजही आहे आणि विमानाशी त्याचा काडीचा संबंध नाही. वैमानिक ब्लेरिओ २५ जुलै १९०९ रोजी विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून गेला तेव्हा मनगटावर आपले घड्याळ होते, हे मात्र खरे, आणि त्याबद्दल मनापासून आदर आहे.

कायदा मूर्ख नाही, हेही मान्य. शब्दकोशातला शब्दसुद्धा एखाद्या मालापुरता एखाद्याचा होऊ शकतो. अट एवढीच की त्याने त्या मालाचे वर्णन करू नये. आमच्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातले नववे कलम तेच सांगते. १९०४ साली घड्याळाला पायलट म्हणणे ही कल्पनाशक्ती होती. आज ‘पायलट’ ही घड्याळांची एक जात आहे. काळी डायल, मोठे आकडे, बाराच्या जागी त्रिकोण, हातमोजे घालूनही फिरवता येईल अशी जाडजूड चावी: दुकानदाराला ‘पायलट वॉच दाखवा’ म्हटले की तो हेच काढतो, मग बनवणारा कोणी का असेना. शाफहाउजनचे आयडब्ल्यूसी १९३६ पासून ती बनवते, नावातही पायलट म्हणते. डायलवर मात्र हा शब्द नाही. सारी आळी ज्याला पायलट म्हणते, त्याच्या तोंडावर ते लिहायचे नाही! लग्नात नाव घेताना लाजणाऱ्या जुन्या काळच्या नवरीसारखी या घड्याळांची अवस्था आहे. आणि हा दरारा नेमका कशावर, तर पाऊण बोटभर रंगवलेल्या पत्र्यावर.

आपण एकटेच असे आहात, असे नाही. रोलेक्सने १९२६ साली पाणी न शिरणाऱ्या केसला ‘ऑयस्टर’, म्हणजे कालव, असे नाव दिले. २०२२ साली त्यांच्या वकिलांनी कॉर्नवॉलमधल्या ‘ऑयस्टर अँड पॉप’ या छोट्या कंपनीला नाव बदलायला सांगितले. ती कंपनी लहान मुलांना वेळ वाचायला शिकवणारी भिंतीवरची घड्याळे विकते. म्हणजे ‘सव्वा’ आणि ‘पाऊण’ यांत गोंधळणारे पोर रोलेक्स समजून ते घेईल, अशी भीती! आणि कॉर्नवॉल हा खुद्द कालवांचा मुलूख. फाल नदीच्या खाडीत ती आजही शिडाच्या आणि वल्ह्यांच्या होड्यांनीच काढतात. ‘रोलेक्स’ हा घडवलेला शब्द आहे, तो त्यांनी जिवापाड जपावा. पण गंमत पाहा, त्यांच्या लाल-निळ्या जीएमटी-मास्टरला जगभरचे संग्राहक ‘पेप्सी’ म्हणतात, हिरव्या सबमरिनरला ‘हल्क’. दोन्ही नावे तिसऱ्याच कंपन्यांची. त्या उधारीवर जिनिव्हाच्या रोलेक्सकडून कोणी पत्र लिहिल्याचे ऐकिवात नाही.

आता माझ्यासमोरचे पेच. शर्टाच्या खिशात जपानी ‘पायलट’ पेन असते. ते ट्रेडमार्कच्या वर्गवारीत वेगळ्या खान्यात पडते म्हणून सुटले असावे. पण पेन काढताना मनगट पुढे येते, तेव्हा कोणता पायलट आधी नोंदला हे पाहणाऱ्याला कसे कळावे? मंत्र्याच्या ताफ्यापुढे धावते ती पायलट गाडी. तिला थांबवून विचारायची माझी तरी प्राज्ञा नाही. आणि गोवा. तिथे मोटारसायकलवर पाठीमागे बसवून भाड्याने नेणाऱ्याला पायलटच म्हणतात. परवानाधारक, पिवळा-काळा रंग, पणजीत नि मडगावात त्यांचे थांबे आहेत. उतारू सरळ ‘ओ पायलट!’ अशी हाक मारतो. यांतल्या एखाद्याने मनगटावर घड्याळ बांधले, तर ते पायलटचे घड्याळ झाले की नाही?

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक चावीवाला

ता. क. ‘झेनिथ’ हा शब्दही खगोलशास्त्रज्ञांचाच, पण तो मुद्दा राहू द्या. १९७१ साली शिकागोच्या रेडिओ-टीव्हीवाल्या झेनिथने आपल्याला विकत घेतले आणि पुढे यांत्रिक घड्याळे बंद करून हत्यारे विकून टाका म्हणून फर्मावले. शार्ल व्हर्मो या आपल्याच माणसाने एल प्रिमेरो या घड्याळयंत्राची हत्यारे माळ्यावर लपवली, म्हणून ती वाचली. एका नावाचे दोन धनी असले की काय होते, याचा अनुभव आपल्याला आहे. तेव्हा गोव्याच्या पायलटांचे काय करायचे ते सवडीने कळवावे; मडगावच्या थांब्यावर दाखवायला लागेल, म्हणून उत्तर कोंकणीत असल्यास बरे.