चर्चच्या आवारातील जीवगणना : पंच कमिटीस सूचना

नवापूर-चिंचपाड्याकडच्या चर्चच्या आवारात पशुपक्ष्यांची गणना करायची असेल, तर पहिली अट ही की कमिटीची सभा बोलावू नये. सभेत ठराव होतो, ठरावातून सुशोभीकरण निघतं आणि सुशोभीकरणात मोहाची ढोली आधी जाते. पेव्हर ब्लॉक बसल्यावर गणना फार सोपी होते, हे मान्य. शून्य मोजायला दुर्बीण लागत नाही.

गणना सकाळी, उपासनेआधी करावी. कबरींमधून हळू चालावं. तिथल्यांची हरकत नसते, सरडे मात्र पळतात. ढोलीत पिंगळा दिसला की कुणीतरी 'अपशकुन' म्हणेल. त्यांना चहाला पाठवावं आणि पक्ष्याचं डोकं बघावं. ठळक पांढरे ठिपके असतील तर साधा पिंगळा. ठिपके जवळजवळ नाहीत, पायांवर दाट पांढरी पिसं आहेत आणि स्वारी उजेडात शेपटी झटकत बसली आहे, तर तो रानपिंगळा. आवारात तो येण्याची आशा कमीच, त्याला सागाचं रान लागतं; पण ओळख असलेली बरी.

कारण हा पक्षी 1884 नंतर कुणाला सापडेना. मध्यंतरी कर्नल माइनर्त्सहागेन या बड्या साहेबाने आपण तो 1914 मध्ये तापीकाठच्या मांडवीला टिपल्याचं सांगितलं. चिठ्ठीसकट नमुनाही होता. पुढे कळलं, नमुना जेम्स डेव्हिडसनने 1880च्या दशकात खानदेशात जमवलेला. साहेबाने तो ब्रिटिश म्युझियममधून लांबवून त्याला नवी चिठ्ठी डकवली होती! पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी मांडवीचा नाद सोडला, जुन्या खऱ्या नमुन्यांची ठिकाणं धरली आणि नोव्हेंबर 1997 मध्ये सोबत्यांसह शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा सकाळच्या उजेडात बसलेला पाहिला. आपला नंदुरबार जिल्हा झाला जुलै 1998 मध्ये. सरकारला जिल्हा सापडण्याआधी घुबड सापडलं होतं.

सबब, वहीत दिसलं तेवढंच लिहावं. पाळकसाहेबांना बरं वाटावं म्हणून बिबट्या लिहू नये.

संवर्धनाचं काम त्याहून सोपं. टाकळा उपटू नये. पिवळी फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. (कोवळा असताना भाजीपुरता खुडायला हरकत नाही.) कुंपणाची रुई ठेवावी. नाताळात बुंध्याला गेरू-चुना लावायचाच तर शिडी आणू नये. हात पोचेल तिथवर पुरे. धामण निघाली तर काठी शोधण्याऐवजी उंदीर किती कमी झाले ते नोंदवावं.

खर्चाच्या रकान्यात शून्य पाहून खजिनदार दोनदा विचारतील. पेव्हर ब्लॉकचं कोटेशन आलंच असेल तर वहीला पुठ्ठा म्हणून घालावं. कागद चांगला जाड असतो.