पॉवर ॲम्प्लिफायर महाशयांस खुले पत्र

प्रति,
मा. पॉवर ॲम्प्लिफायर (जुन्या घाटणीचे),
मोबाइल टॉवर, मु. पो. कुरकुंभ, ता. दौंड, जि. पुणे

विषय : आपल्या भुकेबाबत

महोदय,

सा. न. वि. वि. इथल्या एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यांना वास तरी येतो, म्हणून तक्रारी होतात. आपण मात्र बिनवासाचे, म्हणून सज्जन!

100 वॉट वीज घ्यायची, त्यातले जेमतेम 15-20 वॉट सिग्नल म्हणून अँटेनाकडे पाठवायचे आणि उरलेल्यात टॉवरखालची खोली तापवायची. दौंड तालुक्यात, ऐन मे महिन्यात! मग आपल्याला गारवा हवा म्हणून एसी, लाइट गेली की जनरेटर, जनरेटरला डिझेल. आपण तळाशी आणि अँटेना वर, त्यामुळे पाठवलेल्यातलेही निम्मे कधी कधी मधल्या केबलमध्येच जिरते.

आपली सबब ठाऊक आहे. 4जी सिग्नलची उसळी सरासरीच्या आठ-दहा पट जाते. ती छाटली गेली तर शेजारच्या चॅनेलमध्ये घाण होते. म्हणून आपण कायम उसळीच्या तयारीत, म्हणजे रोज हजार पानांचा स्वयंपाक आणि पंगतीला शंभर माणसे.

या दुखण्यावर बेल लॅबोरेटरीजच्या विल्यम डोहर्टी यांनी 1936 मध्येच औषध काढले. दोन ॲम्प्लिफायर ठेवायचे. एकाने रोजचा भार ओढायचा, दुसऱ्याने उसळी आली तरच उठायचे. त्याने सिग्नल थोडा वाकडा होतो, तर तो आधीच उलटा वाकवून पाठवायचे काम आता डिजिटल चिप करते. जोडीला गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर आले. अशा जोडीला त्याच 100 वॉटमधून 40च्या वर काढता येतात. रेडिओ युनिटही थेट अँटेनाशेजारी बसते. केबलची गळती संपली, वाऱ्यावरच गार होते, एसी नको. आता सांगा, सबब कुठली?

जानेवारी 2012 मध्ये दूरसंचार विभागाने 2015 पर्यंत निम्मे ग्रामीण टॉवर हायब्रिड विजेवर, म्हणजे ग्रिडच्या जोडीला सौरसारख्या अपारंपरिक विजेवर, आणायचे ठरवले. म्हणजे आपल्या ताटात आता सूर्यही वाढायचा! भूक तेवढीच ठेवून ताट बदलण्यात काय हशील? आपल्या पोटातला एक वॉट वाचला, तर त्यामागचा एसी, बॅटरी आणि डिझेलही वाचते.

तेव्हा टॉवरवाल्यांना जाहीर विनंती : सोलर पॅनेल चढवण्याआधी हे महाशय बाहेर काढा.

आपल्या डिझेलचे पैसे रिचार्जमधून भरणारा,
एक ग्राहक