उलटा भाव

घरातून जी वस्तू बाहेर जाते तिचे पैसे घरात आलेच पाहिजेत, अशी काही माणसांची श्रद्धा असते. आमचे आप्पा त्यांतले. असा एक गृहस्थ पुण्यातल्या प्रत्येक जुन्या सोसायटीत असतो; आमच्या वाट्याचा तिसऱ्या मजल्यावर राहतो.

भंगारवाल्याचा काटा आप्पांना मान्य नाही. त्यांचा स्वतःचा स्प्रिंगचा काटा आहे आणि व्यवहाराआधी तो मिठाच्या किलोच्या बंद पुडीवर तपासला जातो. पिशवीतली पुडी आकड्याला लटकते, आप्पा चष्मा कपाळावर सरकवतात, काटा एकच्या रेघेवर स्थिरावला की म्हणतात, ‘‘हं, चढवा.’’ मग रद्दीचा गठ्ठा चढतो. भंगारवाल्याचा अंगठा गठ्ठ्याखाली दिसला तर ‘‘हात वर!’’ असा फौजदारी हुकूम सुटतो. पाव किलो रद्दीचे तीन-चार रुपये होतात, पण त्यासाठी आप्पा जिन्यात पाऊण तास उभे राहू शकतात. दुपारच्या चहाआधी त्यांना दुसरं कामही नसतं म्हणा.

त्यांना चिकट म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. ज्या घरात ते वाढले त्या घरातून फुकट असं काही गेलंच नाही. जुन्या साड्या बोहारणीला दिल्या की स्टीलचं पातेलं यायचं. गळकं पितळी घंगाळ मोडीत घातलं की त्या पैशांत भर टाकून नवं भांडं घेता यायचं. गादी दबली की पिंजारी दारात बसून कापूस पिंजून द्यायचा आणि तीच गादी पुन्हा टम्म व्हायची. सागवानी कपाट तर बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून जुन्या बाजारात जायचं, किंमत पोटात बाळगून. कापूस, लाकूड, पितळ, लोखंड, काच, कागद: प्रत्येकाला पुढचं गिऱ्हाईक ठरलेलं. मग घरात फोम, प्लायवूड, सनमायका, थर्माकोल आणि रेक्झिन शिरलं. यांना पुढचं गिऱ्हाईकच नाही, ही बातमी आप्पांपर्यंत पोचायला तीस वर्षं लागली. ती आणली रीडेव्हलपमेंटनं.

करार झाला, घरं रिकामी करायची तारीख ठरली आणि आप्पांचा माळा उघडला. काकू खाली खुर्ची धरून उभ्या, आप्पा वर, आणि धुळीच्या ढगातून एकेक ऐवज खाली येत होता: पिक्चर ट्यूबचा टीव्ही, त्याचं खोकं, त्या खोक्यातलं थर्माकोल, नारळाच्या काथ्याच्या दोन गाद्या, बंद पडलेले मिक्सर, तळाशी रंग सुकलेले डबे. हॉलमध्ये तीन अधिक एक अधिक एक असा रेक्झिनचा सोफा होताच. आप्पांनी वही काढली आणि डाव्या बाजूला वस्तू, उजव्या बाजूला ‘अपेक्षित’ असे दोन रकाने आखले. सोफ्यापुढे त्यांनी दोन हजार लिहिले. घेतला तेव्हा साडेआठ हजारांचा होता, म्हणजे घसारा त्यांनी उदार हातानं धरला होता.

भंगारवाला आला. त्यानं सोफ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हा माणूस वस्तू बघत नाही, वस्तूच्या आतला धातू बघतो. बंद फ्रिजला त्यानं हात लावला तो मागच्या बाजूनं, कॉम्प्रेसर जागेवर आहे ना हे बघायला. तो काढलेला असेल तर बाकीचा फ्रिज म्हणजे पत्र्याची आणि प्लास्टिकची अडगळ. मिक्सर चालेल, मोटरीत तांबं असतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीला तर आदरानं विचारलं, कारण तिच्यात शिसं. देवघरामागची पितळी समई दिसली तेव्हा त्याचा आवाजच मऊ झाला. पितळेला लोखंडाच्या दसपट भाव. काकूंनी समई पदराआड घेतली.

‘‘आणि टीव्ही?’’

‘‘त्याची कॉइल नेतो काका. काच तुम्हीच ठेवा.’’

त्या काचेत शिसं असतं आणि फुटली तर तो विषारी कचरा होतो. अशा टीव्हीची जागा ई-कचरा अधिकृतपणे घेणाऱ्याकडे, जिन्यात हातोडीनं ट्यूबची मान मोडणाऱ्याकडे नव्हे. आप्पांना हे पटलं, पण त्यांचा प्रश्न वेगळा होता: अधिकृतवाला किती देतो?

सोफ्याचं विचारल्यावर भंगारवाला म्हणाला, ‘‘नेणारा माणूस बघा, काका. पैसे घेईल.’’

‘‘देईल,’’ आप्पांनी दुरुस्ती केली.

‘‘घेईल,’’ तो म्हणाला आणि सायकलीकडे वळला.

कचरा गोळा करणाऱ्या ताईंकडेही प्रयत्न झाला. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई ओला-सुका घेतात, रंगाचे डबे, ट्यूबलाइट, जुनी औषधं हा तर घरगुती घातक कचरा, तो वेगळा द्यायचा, असं त्यांनी आप्पांना शांतपणे समजावलं. सोफा पाहून त्या फक्त हसल्या. ‘‘काका, माझी ढकलगाडी याच्याहून लहान आहे.’’

मग आला टेम्पोवाला. त्यानं साडेचार हजार सांगितले आणि आप्पांनी फोड मागितली. टेम्पोवाला मुरलेला होता. त्यानं सोफ्यावरच बसकण मारून फोड केली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणून हमाल दोन नाहीत, तीन. तीन सीटचा सोफा जिन्याच्या वळणावर फिरत नाही, तो वरच कापावा लागणार, त्याचे वेगळे. पुढं छोटा हत्ती. ‘‘पण वजन काय आहे याचं? फोम तर आहे सगळा,’’ आप्पा म्हणाले आणि नकळत त्यांचा हात काट्याकडे गेला. टेम्पोवाल्यानं धंद्याचं मूळ सांगितलं: ‘‘आजोबा, लोखंड वजनावर जातं, अडगळ जागेवर जाते. दोन गाद्या टाकल्या की माझा अर्धा टेम्पो भरला. डिझेल तेवढंच.’’ आणि शेवटी, टाकायची जागा. जो रीतसर जागी नेऊन टाकतो त्याला तिथपर्यंतचं भाडं लागतं, उतरवायची मजुरी लागते, कधी तिथंही पैसे मोजावे लागतात.

आप्पांनी फोड उतरवून घेतली आणि प्रत्येक आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. ‘कापणे’ या बाबीला दोन.

त्याच संध्याकाळी एकानं पंधराशेत काम सांगितलं. आप्पांचा चेहरा उजळला. पण कुठं टाकणार, या प्रश्नावर त्या माणसानं हवेत हात फिरवला आणि ‘‘ते आमच्यावर सोडा’’ म्हणाला. मुठेच्या पात्रात दर पावसाळ्यानंतर ज्या गाद्या दिसतात त्या अशाच कुणावर तरी सोडलेल्या असतात. पंधराशे आणि साडेचार हजार यांतला बराचसा फरक हा त्या हवेत फिरवलेल्या हाताचा असतो. इथं आप्पांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे की त्यांनी त्याला हाकलला. भाव करतात, पण नदीचा करत नाहीत.

टोकियोतल्या पुतण्याला फोन लागला, दुसऱ्या देशात तरी न्याय असेल या आशेनं. त्यानं सांगितलं की तिकडे सोफा टाकायचा तर आधी फोन करून वेळ घ्यायची, मग दुकानातून ठराविक किमतीचा स्टिकर विकत आणायचा, तो सोफ्यावर डकवायचा आणि नेमल्या सकाळी सोफा खाली नेऊन ठेवायचा. टीव्ही, फ्रिज, एसी आणि वॉशिंग मशीन यांना तर 2001 पासून वेगळा कायदा. टाकणाऱ्यानंच त्यांच्या पुनर्वापराचे पैसे भरायचे. ‘‘आणि खाली कोण नेतं?’’ आप्पांनी विचारलं. ‘‘मीच, काका.’’ फोन ठेवल्यावर आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. एवढा शिकलेला मुलगा, आणि स्वतःचा सोफा स्वतःच्या पाठीवर नेऊन वर पैसे भरतो.

दोन दिवस वहीत नुसती आकडेमोड चालली. मग त्यांनी कराराची फाइल काढली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि एका कलमाखाली पट्टी धरून रेघ मारली. घर बदलण्याचा खर्च बिल्डरच्या माथी होता. टाकायचे पैसे आपले, न्यायचे पैसे त्याचे! साडेचार हजारांची सगळी फोड एका ओळीत निकालात निघाली. सोफा, गाद्या, टीव्ही, त्याचं खोकं आणि खोक्यातलं थर्माकोल, सगळं पॅकर्सच्या गाडीत चढलं. हमालांनी सोफा जिन्याऐवजी गॅलरीतून दोर लावून उतरवला, न कापता. आप्पा खाली उभे राहून सूचना देत होते. काकू समई मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या होत्या आणि समोर बघत नव्हत्या.

भाड्याच्या फ्लॅटच्या फाटकावर वॉचमननं गाडी अडवली. बाहेरून सामान आत घ्यायचं तर सोसायटीला हजार रुपये, लिफ्टच्या वापराचे, परत मिळणार नाहीत.

आप्पांनी काट्याची पिशवी काखेत सरकवली आणि विचारलं, ‘‘पावती बिल्डरच्या नावानं फाडता का?’’