रायडर

बिद्रीच्या आसपास सायकल सुटणं ही घर वर आल्याची खूण मानतात. पोरगं हायस्कूलला सायकलनं जातं, कॉलेजला वडापनं जातं, आणि ऊसबिलाचा एखादा दणदणीत हप्ता आला की दारात मोटारसायकल उभी राहते. सायकल गोठ्यात जाते. अशा मुलखात चाळिशीला टेकलेला, बऱ्या पगाराचा, दोन लेकरांचा बाप मोटारसायकलीच्या किमतीत सायकल घेऊन येतो, तेव्हा लोक आधी तब्येतीची चौकशी करतात आणि मग कर्जाची.

हा प्राणी कधी हायस्कुलात शिक्षक असतो, कधी बँकेत शाखाधिकारी. आमच्याकडचा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. कारखान्याचं पाटीवरचं नाव दूधगंगा-वेदगंगा, पण पंचक्रोशीत त्याला नुसतं ‘बिद्री’ म्हणतात. तसंच याचंही झालंय. पाळण्यातलं नाव पगारपत्रकापुरतं उरलं, गावात तो ‘रायडर’.

रायडर पहाटे साडेचारला उठतो आणि सहाला निघतो. मधला दीड तास तयारीचा. अंगाला घट्ट बसणारे कपडे, पुढं पांढरा दिवा, मागं लाल दिवा, हेल्मेट, हातमोजे, आणि तळाला खटका असलेले बूट. ते बूट पायडलमध्ये अडकवायचे असतात, जमिनीवर चालायचे नसतात. पण सोप्यातून अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत चालावंच लागतं, आणि त्या टकटकीनं दारातली म्हैस रोज दचकते. ती दूध चोरते असा आईचा आरोप आहे. खिशात जेलची पाकिटं. जेल म्हणजे मुख्यतः गोड पाकच. एका पाकिटात वीस-पंचवीस ग्रॅम. साखरेच्या पोत्यांच्या थप्प्यांना वळसा घालून रोज कामावर जाणारा माणूस ही एवढीशी साखर कुरिअरनं मागवतो, यावर लॅबमधले सहकारी अजून अधूनमधून स्तब्ध होतात.

मुदाळ तिट्ट्यावर आलं की त्याला गारगोटीला जाता येतं, राधानगरीला जाता येतं, मुरगूडवरून निपाणीला जाता येतं. फक्त अमावास्येला तो तिकडं फिरकत नाही. त्या दिवशी आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाची गर्दी असते, रस्ता फुललेला असतो. गावाची समजूत मात्र अशी की एवढा शिकलेला माणूसही अमावास्या पाळतो, आणि त्यामुळं त्याच्याबद्दलचा आदर थोडा वाढलाय.

हंगाम सुरू झाला की रस्ता उसाचा होतो. एकेका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस बाहेर झुकलेला आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागं लग्नाच्या मांडवाला पुरतील असे स्पीकर. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर हवेतच, यावर रायडर कुणालाही थांबवून अर्धा तास बोलतो, आणि बरोबर बोलतो. पण परतीची रिकामी ट्रॉली दिसली की त्याचं तत्त्वज्ञान ढिलं पडतं. मोठ्या गाडीमागं वारा अडतो आणि सायकलवाल्याची निम्मी लढाई वाऱ्याशीच असते. मग तो हळूच तिच्या मागं लागतो. त्या काही मिनिटांत त्याचा वेग ताशी चौतीसवर जातो आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपवर कायमचा नोंदला जातो. कुठल्या गाण्याच्या ठेक्यावर, ते अ‍ॅप विचारत नाही.

त्याच रस्त्यावर बैलगाड्याही असतात. बैलांच्या खुरांना पत्री मारलेली असते, पत्रीला खिळे असतात, आणि खिळे पडण्यासाठीच असतात. रायडर पंक्चर काढायला बसला की पाच मिनिटांत सभा भरते.

“केवढ्याला पडली म्हणायची?”

इथं रायडर प्रत्येकाला वेगळा आकडा सांगतो. बायकोला सांगितलेला सगळ्यांत लहान, कोल्हापुरातल्या सायकलवाल्या मित्रांना सांगितलेला सगळ्यांत मोठा, आणि रस्त्यावर विचारणाऱ्याला माणूस बघून.

“आन् स्टँड?”

“नसतो.”

“कॅरेज? घंटी? मडगार्ड?”

“वजन वाढतं.”

“पायडल तरी दिलं काय कंपनीनं?”

चांगल्या रोड सायकलला पायडल वेगळं घ्यावं लागतं, हे रायडरनं एकदा प्रामाणिकपणे सांगून टाकलं. म्हातारा शेतकरी बराच वेळ सायकलीकडं बघत राहिला. “म्हंजे बैल घ्यायचा आन् खूर येगळं घ्यायचं?” हे वाक्य त्याच दिवशी संध्याकाळी, रायडरच्या आधी, घरी पोचलं होतं.

हवा भरण्याचं प्रकरण निराळंच. त्याच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह पेन्सिलीहून बारीक, टोकाला सुईएवढी दांडी आणि तिच्यावर इवलासा आट्याचा नट. तिट्ट्यावरच्या पंक्चरवाल्यानं तो पहिल्यांदा बघितला तेव्हा तो मोडलाय असं समजून पक्कड हातात घेतली होती. तेव्हापासून रायडर किल्लीच्या जुडग्यात पितळेची टोपी बाळगतो. ती बसवली की मोटारसायकलची हवा सायकलला चालते. मग तो म्हणतो, “नव्वद पौंड.” मोटारसायकलला तीसच्या आसपास, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला वीसदेखील पुष्कळ होतात, शंभराच्या घरातली हवा ट्रकला लागते. अंगठ्याएवढ्या टायरात ट्रकची हवा भरताना पंक्चरवाला अजूनही नळी हात लांब करून धरतो आणि तोंड फिरवतो.

पण रायडरला रस्त्यावर ओळखू नये. त्याचं खरं दर्शन रविवारी दुपारी अंगणात होतं. सायकल उलगडलेली, पोत्यावर सुटे भाग ओळीनं मांडलेले, आणि हातात दात घासायचा ब्रश. घरातल्या कुणाचाही ब्रश आता झिजेपर्यंत टिकत नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की हा माणूस सायकल चालवायला मिळावी म्हणून पुसत नाही, पुसायला मिळावी म्हणून चालवतो. मागच्या गिअरच्या तारेचा नट पाव आटा फिरवायचा, पायडल हातानं फिरवून कान लावायचा, पुन्हा पाव आटा उलटा. मध्यंतरी चढाला ‘कट्’ असा आवाज यायचा. त्यापायी सीट उतरली, हँडल उतरलं, क्रँक उतरला, सगळ्याला ग्रीस लागलं. आवाज गुडघ्याचा निघाला. गुडघ्याला त्यानं ग्रीस लावलं नाही, एवढा संयम दाखवला.

साखळीवर तर त्याचा विशेष जीव. साखळीचे बारा पूर्ण जोड म्हणजे बरोबर बारा इंच. ते बारा पूर्णांक एक-सोळांश इंच भरले की साखळी अर्धा टक्का झिजली. आणखी चालवली तर मागच्या दात्यांची चकतीही खाते, आणि ती चकती साखळीच्या कितीतरी पट महाग. दर पंधरवड्याला तो हे मोजतो. दुसऱ्या गावात लोक हसले असते. बिद्रीत हसत नाहीत. इथं उसाची एफआरपी, म्हणजे सरकारी किमान दर, सव्वादहा टक्के साखरउताऱ्यावर ठरते आणि वरच्या प्रत्येक दशांशाला टनामागं पैसे वाढतात; एका पॉइंटवरून सर्वसाधारण सभेत माईक ओढले जातात. “अर्धा टक्का गेला” असं रायडर म्हणाला की समोरचा मनापासून हळहळतो.

तेल लावलेल्या साखळीला धूळ चिकटते म्हणून त्यानं ते सोडलं आणि मेणाचा मार्ग धरला. साखळी आधी डिझेलमध्ये धुवायची, मग पातळ केलेल्या पॅराफिनात बुडवायची, निथळून टांगायची. पहिल्यांदा त्यानं हे दुधाच्या पातेल्यात केलं. बायको भांडली नाही. भांड्यांच्या दुकानात जाऊन तिनं त्या पातेल्यावर मशिननं नाव घालून आणलं: ‘सायकल’, खाली तारीख, आणि ‘सप्रेम भेट’. ते आता मांडणीवर इतर भांड्यांच्या रांगेत आहे.

पावसाळ्यात रस्त्यावर शेतातला चिखल येतो, तेव्हा सायकल सोप्यात ट्रेनरवर चढते. मागचं चाक रुळावर, माणूस घामाघूम, सायकल जागच्या जागी. आबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा वैरणीचा भारा खाली ठेवून ते उभे राहिले. “तेवढं कडबाकुट्टीला जोड की,” म्हणाले. “जनावरांचं तरी हुईल.”

आबांचा आक्षेप व्यायामाला नाही, व्यवहाराला आहे. रायडरनं दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे मारली, साडेतेरा तासांच्या मुदतीत. घरी आल्यावर आबांनी विचारलं, “नंबर कितवा?” ब्रेव्हेत नंबर नसतो, मुदतीत पोचलं की झालं. “मग इनाम?” इनाम नसतं, पदक असतं आणि त्याचे पैसे आपण भरायचे. ज्या जिल्ह्यात मैदानात चीतपट झालेला पैलवानसुद्धा सहसा रिकाम्या हातानं परतत नाही, तिथं हे कसं समजावणार? दूध संस्थेत तर रायडरनं अंगातली फॅट पंधरावर आल्याचं अभिमानानं सांगितलं, तेव्हा सचिव वहीतून मान वर न करता म्हणाला, “आमच्यात फॅट उतरली की दर उतरतो, साहेब.”

रायडरचं सगळ्यांत मोठं स्थित्यंतर टायरांत घडलं. सुरुवातीला तेवीस एमएम: टायर जितका बारीक तितका पळतो, हा तेव्हाचा सिद्धान्त. मग मोठमोठ्या शर्यतींतले रायडर पंचवीसवर गेले, हाही गेला. ते अठ्ठावीसवर गेले, याला रातोरात पटलं की रुंद टायर खडबडीत रस्त्यावर कमी उडतो, म्हणून जास्त पळतो. प्रत्येक वेळी जुनं मत मांडणारा कुणी दुसराच होता, असा चेहरा. आता त्याच्या मनात ग्रॅव्हल बाईक भरलीय. अडतीस एमएम, हवा कमी, आपल्या रस्त्यांना हाच टायर योग्य, असं तो गेला महिनाभर सांगतोय.

परवा तो व्हर्नियर घेऊन गोठ्यात शिरला. तिथं आबांची जुनी काळी सायकल आहे. दोन्ही बाजूंना कॅन अडकवून त्यांनी तिच्यावरून कितीतरी वर्षं दूध घातलं. टायरवर अठ्ठावीस गुणिले दीड असं छापलेलं. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. रायडरनं ते दोनदा मोजलं. मग चेनकव्हर उघडलं आणि साखळीला झीज मोजायचा गेज लावला. गेज आत गेला नाही. अर्धा टक्कासुद्धा ताण नाही. मेण नाही, डिझेल नाही, ब्रश नाही. चेनकव्हर होतं, एवढंच.

आबा दारात उभे होते. “गिऱ्हाईक आलंय काय?”

“मीच घेतो म्हणतोय. किती मागतासा?”

“तुझी केवढ्याला आली?”

रायडर थोडा थांबला. बायको हौदावर होती, ऐकू जाईल इतक्याच अंतरावर. “एक लाख दहा,” तो म्हणाला.

हौदावरची भांडी वाजायची थांबली.

“मग हिला स्टँड हाय,” आबा म्हणाले, “कॅरेज हाय, घंटी हाय. आन् पायडल बी दोन्ही हैत. लाव हिशेब.”