वेटसूट घ्यावा कसा, सांभाळावा कसा
(खास युसूफ वडगाव व पंचक्रोशीसाठी)

युसूफ वडगावच्या शिवारात वेटसूट आधीपासून आहे, फक्त तो माणसांनी घातलेला नाही. कुठलंही शेततळं बघा. काळा, घट्ट, कानाकोपऱ्यात चापून बसवलेला ५०० मायक्रॉनचा कागद. ट्रायथलॉनवाला तसलाच काळा रबरी पोशाख अंगात चढवतो. त्याची जाडी ५ मिलिमीटरपर्यंत चालते, म्हणजे तळ्याच्या कागदाच्या दहापट. ज्याने शेततळ्याचा कागद वर्षानुवर्षं टिकवला, त्याला हा सूट अवघड नाही. ज्याच्या कागदावर पहिल्याच साली रानडुकरं नाचून गेली, त्याने पुढचं दोनदा वाचावं.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल हाणायची, मग पळायचं. मागे कुणी लागलेलं नसताना. यातल्या पोहण्यापुरता हा सूट. अमेरिकेत ह्यू ब्रॅडनर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९५२च्या सुमारास नौदलाच्या पाण्याखाली पोहणाऱ्या जवानांसाठी ही युक्ती काढली. निओप्रीन या रबरात वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. त्यांच्यामुळे ऊब आत राहते आणि कंबर-पाय आपोआप वर तरंगतात. आपल्याकडे विहिरीत हे दुसरं काम पाठीला बांधलेला तेलाचा रिकामा डबा पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. म्हणून नवशिक्याने डब्यावरच शिकावं. (शेततळ्यात मात्र डबा असो, सूट असो, उतरूच नये. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, आणि पट्टीचे पोहणारेही वर येत नाहीत. तळ्याच्या चारी बाजूंना दोर सोडून ठेवावेत. ही ओळ गमतीची नाही.)

खरेदीच्या आधी पाण्याचं तापमान बघावं. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉन शर्यतीचा नियम असा, की पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर सूट बिनधास्त घाला. त्यावर २८.८ पर्यंत घातला तर शर्यत पुरी करता येईल, बक्षीस मात्र मिळणार नाही. त्याच्याही वर सुटाला साफ मनाई. गोव्यात मिरामारला २०१९ साली अर्ध्या अंतराची आयर्नमॅन पहिल्यांदा झाली, १.९ किलोमीटर समुद्रात. तिथल्या कोमट पाण्यात सुटाचं काम नाही. आपल्या विहिरीचं पाणी तर ऐन थंडीत वाफाळतं. राहता राहिलं केज तालुक्यातलंच धनेगावचं मांजरा धरण. तिथे तापमानाआधी पाणी आहे का ते बघावं. २०१६ साली या धरणाने तळ दाखवला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या एप्रिलात ज्याच्याकडे वेटसूट असता, त्याने तो कुणाला दाखवला नसता.

एवढं वाचूनही घ्यायचाच असेल, तर किंमत आधी सोयाबीनच्या कट्ट्यांत मोजावी आणि घरी सांगू नये. माप घेताना आपल्याकडची जुनी खोड सोडावी. शाळेचा गणवेश, लग्नातला सदरा, सगळं आपण वाढत्या अंगाचं घेतो. वेटसूट वाढत्या अंगाचा घेतला, तर त्यात पाणी भरतं आणि माणूस भरली पखाल ओढल्यागत रखडतो. काखेत, कमरेच्या खळग्यात, मानेशी कुठेच पोकळी नको. श्वास घेता येतोय पण बोलावंसं वाटत नाही, एवढा घट्ट असला की माप बरोबर.

घालायला अर्धा तास हाताशी ठेवावा. चेन पाठीकडे येईल असा धरावा. पायात कॅरीबॅग चढवून मग पाय घालावा, म्हणजे रबर सरकतं. घोट्यापासून थोडं थोडं वर ओढावं, तेही बोटांच्या पेरांनी. नख लागलं की चंद्रकोरीएवढी चीर पडलीच. गुडघा झाला, जांघ झाली, की दम खावा. नेमक्या या टप्प्यावर आजी दारात येते.

“आंगात टायर घालून काय करायलास रं?”

उत्तर देऊ नये. तिला पाठीमागची चेन ओढायला सांगावी.

मान घासते म्हणून तिथे पेट्रोलियम जेली चोपडू नये, त्याने रबर खराब होतं. सुटात लघवी करावी की नाही, यावर जगभर दोन मतं आहेत. एक मत उघड बोललं जातं, दुसरं पाळलं जातं.

पोहून आल्यावर सूट उलटा करून गार, गोड्या पाण्यात खळबळून काढावा. गरम पाणी नको, मशीन नको, दगडावर आपटणं तर नकोच. टंचाईच्या दिवसांत हे काम टँकरच्या रांगेसमोर करू नये. केलंच, तर ते पाणी कढीपत्त्याच्या बुडाशी ओतताना सगळ्यांना दिसू द्यावं. वाळत घालायचा लिंबाच्या सावलीत, जाड दांडीवर, कमरेत दुमडून. खांद्याने टांगला की ताणतो, उन्हात टाकला की चिरतो, तारेच्या कुंपणावर टाकला की संपला. लग्नसराईत कुणी मागायला आलं, तर बहिणीच्या सासरी दिलाय म्हणून सांगावं.

चीर पडलीच तर निओप्रीनसाठीचा काळा गोंद मिळतो. दोन्ही कडांना पातळ लावावा, थोडा सुकू द्यावा आणि मग कडा दाबून धराव्यात. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेऊ नये. तो सोल्युशन लावून देईल, ठिगळही झकास बसवेल, पण वर विचारेल, “हवा किती मारू?”