‘पोलिस आलं’ आणि इतर मोठ्या भूमिका

गडमुडशिंगीत माणसाला एकदा टोपणनाव पडलं की ते सातबाऱ्यापेक्षा पक्कं. आमच्या गल्लीत एकाला ‘पोलिस आलं’ म्हणतात. तो पोलिसात नाही, पोलिसांनी त्याला कधी नेलेलंही नाही. कोल्हापूरच्या आसपास मालिकांची शूटिंगं वाढली, तेव्हा तोही एकदा गर्दीत उभा राहायला गेला. तिथं कुणाला तरी त्याचा आवाज आवडला आणि धापा टाकत येऊन “पाटील, पोलिस आलं!” एवढं म्हणायचं काम त्याला मिळालं. हेच वाक्य त्यानं दिवसभर उन्हात म्हटलं. कारण कधी उजळाईवाडीचं विमान डोक्यावरनं जायचं, तर कधी म्हैस कॅमेऱ्याच्या आडवी यायची. ती मालिका कुठली हे आता गल्लीत कुणाला आठवत नाही. पण तो डेअरीत दूध घालायला आला की फॅट बघणारं पोरगं अजून विचारतं, “काय ‘पोलिस आलं’, आज म्हशीचं का गाईचं?” पाहुणे त्याच्या खऱ्या नावानं घर विचारत आले, तर त्यांना गावाला दोन फेऱ्या घालाव्या लागतात.

इथनं जवळच वसगडे. २०१६ मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू झाली आणि तिथल्या वाड्यापुढं राणादाला बघायला जत्रा लोटली. राणादाचं काम करणारा हार्दिक जोशी कोण, असं त्या जत्रेत विचारलं असतं तर निम्म्यांनी माना हलवल्या असत्या. तरी तो नायक होता. नायकाला पुढं दुसरी मालिका मिळते, दुसरं नाव मिळतं. चरित्र अभिनेत्याला दुसरं कामही पहिल्या कामासारखंच मिळतं.

हे सगळं मनात यायला निमित्त झालं एका बदकाचं. ते बदक म्हणायचं की हंस, यावर आमच्या घरात एकमत नाही. ‘कुंग फू पांडा’ हा २००८ चा सिनेमा पोरं पुन्हा पुन्हा लावतात. त्यात एका लठ्ठ पांडाचा बाप आहे हा पक्षी, आणि तो शेवयांच्या सूपचं दुकान चालवतो. आपला पोरगा आणि आपण एका जातीचे दिसत नाही, ही गोष्ट त्याच्या गावीही नसते. त्या बापाला मूळ इंग्रजीत आवाज दिलाय जेम्स हाँग या चिनी वंशाच्या अमेरिकन नटानं. आमच्याकडं सिनेमा हिंदीत लागतो, त्यामुळं हाँगचा आवाजही गडमुडशिंगीपर्यंत पोचत नाही. त्यात त्यांनी रागावण्यासारखं काही नाही म्हणा. जपानी गॉडझिलापटातल्या माणसांच्या तोंडी इंग्रजी आवाज घालणं, हे त्यांचंही उमेदवारीतलं एक काम होतं.

हाँग जन्मले १९२९ मध्ये, मिनियापोलिसला. शिकले सिव्हिल इंजिनियरिंग, आणि लॉस एंजेलिस कौंटीत रस्त्यांच्या खात्यात नोकरीही केली. रस्ते बांधणारा माणूस सिनेमात गेला हे कळल्यावर आमच्या हुपरी रस्त्यावर दुचाकी हाकणाऱ्याला हळहळ वाटणारच. १९५४ मध्ये ग्राउचो मार्क्स या विनोदवीराच्या टीव्ही कार्यक्रमात जाऊन त्यांनी ग्राउचोसमोर ग्राउचोचीच नक्कल केली. लोकांना ती फार आवडली आणि हे गृहस्थ सिनेमाकडं वळले.

मग मिळालं काय? वेटर, धोबी, घरगडी, शत्रूचा हेर. १९७४ च्या ‘चायनाटाउन’मध्ये बटलर. ‘एअरप्लेन’मध्ये तर जपानी सेनापती. चिनी काय आणि जपानी काय, हॉलिवूडच्या लेखी सगळे एकाच गल्लीतले. ‘साइनफेल्ड’ या विनोदी मालिकेत १९९१ साली एक भाग आला. तिघं मित्र चिनी हॉटेलात जेवायला जातात आणि अख्खा भाग टेबलाची वाट बघण्यात जातो. दारावरचा व्यवस्थापक म्हणजे आपले हाँग. ते दर वेळी नुसतं सांगतात, पाच-दहा मिनिटं. तोंडावरची सुरकुती हलत नाही. रविवारी सकाळी कोल्हापुरात मिसळीच्या दुकानाबाहेर उभं राहिलेल्या माणसाला हा चेहरा ओळखू येईल. कटाची वाटी भरता भरता, आपल्याकडं न बघता “बसा की, होतंयच” म्हणणारा मालक तोच. चारशेच्या वर सिनेमा-मालिकांत हाँगनी कामं केली, आणि त्यांतली कितीतरी या पाच-दहा मिनिटांएवढीच.

आपल्याकडंही असे विक्रमवीर आहेत. जगदीश राज यांनी १४४ सिनेमांत पोलिस अधिकारी केला आणि गिनीज बुकात नाव नोंदवलं. आमच्या ‘पोलिस आलं’ला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, “त्यांना निदान वर्दी तरी होती.” आणि मराठी माणसाला हिंदीत काय मिळतं, हे वेगळं सांगायला नको. इथं ज्याच्या नावावर थिएटरं भरायची, त्या लक्ष्मीकांत बेर्ड्यांना ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’मध्ये घरच्या नोकराचं काम होतं. त्यांनी ते इतकं छान केलं, की आम्ही टाळ्या वाजवल्या आणि त्यात काही खटकलंही नाही.

दुसऱ्याचं सोंग घेणाऱ्याला मान आणि ज्याला ते सोंग चिकटलं त्याला हसू, असा हा व्यवहार. हाँगना तो पहिल्याच दमात कळला. ‘द गुड अर्थ’ हा १९३७ चा सिनेमा चिनी शेतकऱ्यांचा, आणि त्यात शेतकऱ्याच्या बायकोचं काम करून ऑस्कर मिळवलं लुईस रायनर या गोऱ्या नटीनं. चार्ली चॅन हा चिनी गुप्तहेर सिनेमात गाजवला तो स्वीडनमध्ये जन्मलेल्या वॉर्नर ओलंडनं. पुढं १९५७ मध्ये त्याची टीव्ही मालिका निघाली. तिच्यात चॅनचा थोरला मुलगा होते जेम्स हाँग, आणि बाप होता जे. कॅरल नेश हा आयरिश वंशाचा नट. खरा चिनी माणूस खोट्या चिन्याचा मुलगा झाला, आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगं दिसलं नाही. १९६५ मध्ये हाँगनी माको वगैरे सोबत्यांबरोबर लॉस एंजेलिसला ‘ईस्ट वेस्ट प्लेअर्स’ ही नाटकमंडळी काढली. आपल्या माणसांना वेटरच्या पुढचं काहीतरी करायला मिळावं, एवढाच उद्देश.

आता कोल्हापुरात येऊ. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, रंगभूमीवर बाई झाले. त्यांच्या होतकरू दिवसांत शाहू महाराजांनी लक्ष घातलं. बालगंधर्वांचं शालू नेसणं आणि अंबाडा बघून घरंदाज बायका तसं करू लागल्या. १९६४ मध्ये सरकारनं पद्मभूषण दिलं. सगळं योग्यच झालं. त्याच काळात कोल्हापूरचेच गणपत पाटील पडद्यावर कमरेवर हात ठेवून उभे होते. १९६५ च्या अनंत माने यांच्या ‘केला इशारा जाता जाता’सारखे तमाशापट धडाक्यात चालत होते. त्यात फड हवा, ढोलकी हवी, पाटील हवा आणि नाच्या हवाच. नाच्या म्हटलं की गणपत पाटील. डोळ्यांत काजळ, वेळावलेली मान, लाडात ओढलेलं “आत्ता गं बया!” आणि थिएटर डोक्यावर. ते जरा नीट बघा कधी. ढोलकीचा तोडा संपतो नेमका त्याच क्षणाला त्यांचं मनगट वळतं. बाकीचे नुसते ढोलकीवर उभे असतात, हा माणूस ढोलकीच्या आत असतो. शिवाय आपण हसलो की ते हसू विरेपर्यंत पुढचं वाक्य घेत नाहीत. हे शिकवून येत नाही.

बालगंधर्व पूर्ण बाई होत, म्हणून आपण निर्धास्त होतो. नाच्या अर्ध्यातच थांबतो, आणि त्या अर्ध्याची आपल्याला भीती वाटते. ती झाकायला आपण जोरात हसतो, असं माझं मत. हसून थिएटराबाहेर पडलो तरी तो माणूस मात्र आपण तसाच धरून ठेवला. पडद्यावरचा नाच्या लोकांनी त्यांच्या घरापर्यंत नेला, आणि संसार, मुलंबाळं असलेल्या या माणसाला त्याचा जाच झाला, हे कोल्हापुरात अजून सांगतात. निळू फुल्यांना बायका शिव्या द्यायच्या. पण ती शिवी खलनायकाला होती, त्यामुळं सेवा दलाच्या या कार्यकर्त्याला ती पावतीसारखी खिशात घालता येत होती. गणपत पाटलांना शिवीही मिळाली नाही, नुसती फिदीफिदी मिळाली. पुढं २०१० मध्ये शेजारच्या कागलातल्या आनंद यादवांच्या कादंबरीवरून ‘नटरंग’ आला. त्यात अतुल कुलकर्णींनी पैलवानाचा नाच्या करून दाखवला आणि आम्ही डोळे पुसत उठलो. काम जबरदस्तच आहे. पण तेव्हा टाळ्या घ्यायला गणपत पाटील नव्हते. ते २३ मार्च २००८ रोजीच गेले होते.

हाँगना वेळ तरी मिळाला. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स’मधला म्हातारा बाप त्यांनी नव्वदी ओलांडल्यावर लोकांपुढं आणला. त्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, हॉलिवूडच्या फुटपाथवर त्यांच्या नावाची चांदणी बसली. या चांदणीला पैसे भरावे लागतात, आणि ते बहुधा सिनेमा कंपनी भरते. हाँगच्या मागं कुठली कंपनी उभी राहणार? मग डॅनियल डे किम या नटानं २०२० मध्ये इंटरनेटवर वर्गणी काढली. ५५,००० डॉलर हवे होते, ते आठवडाभराच्या आत जमले. ज्यांनी जन्मभर हाँगचा चेहरा ओळखला आणि नाव विचारलं नाही, त्यांतल्या पुष्कळांनी त्या दिवशी नाव विचारून पैसे दिले असणार.

वर्गणी काढण्यात कोल्हापूर जिल्ह्याचा हात कोण धरणार? गणपतीला काढतो, शिवजयंतीला काढतो, फुटबॉलच्या संघाला काढतो. यंदा मंडळाच्या पोरांनी एक करावं. ध्वनीच्या भिंतीचे थोडे पैसे वाचवून चौकात पडदा बांधावा आणि गणपत पाटलांचा एखादा सिनेमा लावावा. फलकावर ‘नाच्या’ लिहू नये, त्यांचं नाव लिहावं, मोठ्या अक्षरात. आधी हाळी द्यायला आवाज तयार आहे, तो डेअरीत रोज सकाळी भेटतो. पहिली पावती माझ्या नावानं फाडा.