पानं किती सांगायची?
वीजबिलातली 'वीज आकार' ही ओळ कुणालाही कळते. यंत्रं फिरली, दिवे जळले, त्याचे पैसे. डोकं फिरतं ते त्याच्या वरच्या ओळीने. छोट्या दुकानाला तिथे 'स्थिर आकार' असतो, कारखान्याला 'मागणी आकार'. तुम्ही कधीकाळी एका अर्जावर 'मला एकावेळी इतकी वीज लागेल' असं लिहून दिलेलं असतं. तेवढ्या विजेसाठी तारा, ट्रान्सफॉर्मर, उपकेंद्र सज्ज ठेवल्याचे हे पैसे. आचाऱ्याला दोनशे पानं सांगून ऐंशीच उठली, तर तो उरलेल्या जिलब्यांचे पैसे सोडत नाही. यात अन्याय नाही, फक्त ठसका आहे.

अर्ज भरताना माणूस भलताच आशावादी असतो, हे खरं दुखणं. गुहागर तालुक्यात आंब्याचा रस डब्यात भरणारा एखादा कारखाना घ्या. मालक मागणीच्या रकान्यात शंभर केव्हीए लिहितो. मे महिन्यात रस काढायची यंत्रं, पंप, शीतगृह एकदम सुरू होतात आणि मीटर नव्वदची नोंद करतो. जूनमध्ये पाऊस आला की सगळं थंड. पण उच्चदाब जोडणीचा नियम असा, की गेल्या अकरा महिन्यांत बिलात धरलेली जी सर्वात मोठी मागणी, तिचे पंचाहत्तर टक्के तरी धरायचेच. म्हणजे आषाढात वीस केव्हीएवर काम भागलं तरी बिलात निदान साडेसदुसष्ट. मे महिन्याची मिजास एप्रिलपर्यंत पुरते! हंगामी ग्राहक म्हणून वेगळी नोंद करता येते, पण ती आधी करायची असते, आणि 'आधी' हा मुहूर्त आपल्याकडे सहसा सापडत नाही. उलट, भीतीपोटी आकडा कमी लिहिला आणि ओलांडला, तर जादा भागाला दीडपट दराने दंड.

भूक जास्त धरण्याची खोड एकट्या आंबेवाल्याची नाही. तिचा महाराष्ट्रातला सर्वात मोठा नमुना अंजनवेलला, गोपाळगडाच्या शेजारी उभा आहे. तेव्हाचं कागदोपत्री नाव दाभोळ पॉवर कंपनी, जरी दाभोळ वाशिष्ठीच्या पलीकडे असलं तरी. लोकांच्या तोंडी, तिच्या अमेरिकी मालक कंपनीवरून, एन्रॉन. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने करार केला. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला. जो प्रकल्प समुद्रात बुडवायची घोषणा झाली होती, तो पुढच्या वर्षी अधिकच फुगून वर आला: दोन टप्पे मिळून २१८४ मेगावॅट. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला आणि मंडळापुढे आंबेवाल्याचीच ओळ आली. वीज उचला, नका उचलू, क्षमतेचे पैसे द्यायचेच, तेही डॉलरशी बांधलेले. वीज महाग म्हणून मंडळ कमी उचले. कमी उचलली की तोच स्थिर खर्च थोड्या युनिटांवर पडे आणि युनिट आणखी महाग होई. साऱ्या राज्याला मागणी आकार लावणारं मंडळ स्वतःच त्यात अडकलं, हे पाहून कोण्या छोट्या कारखानदाराला गुदगुल्या झाल्या नसतील?

मंडळानेही मग नियमाचं पुस्तक उघडलं. जानेवारी २००१ मध्ये प्रकल्पाने ठरल्या वेळात पूर्ण क्षमता गाठली नाही, म्हणून ४०१ कोटींचा दंड ठोकला. मे महिन्यात उचल बंद झाली, डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनने दिवाळं जाहीर केलं, आणि एवढं मोठं यंत्र २००६ पर्यंत कोकणच्या पावसात गप्प उभं राहिलं. भारनियमनाच्या काळात, बरं का.

या तालुक्यातल्या माझ्या ओळखीच्या एका आंबेवाल्याने यावरून धडा घेतला की बिलावरून, सांगता येत नाही. यंदा त्यांनी केव्हीए कमी व्हावेत म्हणून कपॅसिटर बसवले, शीतगृह आणि रसाची यंत्रं एकावेळी जोरात चालवायची नाहीत असं ठरवलं आणि मंजूर मागणी शंभरावरून सत्तरवर आणायचा अर्ज लिहायला घेतला. मुलगा शेजारी उभा.

"बाबा, आणि आंबा दुप्पट आला तर?"

"तर दीडपट भरू. तेवढा आंबा येणार असेल, तर दंड मी पेढे वाटून भरीन."